दीड दिवसाचा ताप

आमच्या धाकट्याला २०२१ च्या रमजानमध्ये दीड दिवस ताप आला होता. शंभरच्या थोडा वर. नाक वाहत होतं, अधूनमधून खोकला. पॅरासिटामॉलचं सिरप दोनदा पाजलं, दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठून अंगणात सायकल फिरवायला लागला आणि आम्ही तो ताप विसरून गेलो. महिन्याभराने नाशिकच्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी त्या तापाची तारीख विचारली, तेव्हा आम्हा दोघांना ती सांगता येईना. घरी फोन लावला. अम्मींना आठवत होतं. म्हणाल्या, बारावा रोजा असेल, मुन्ना इफ्तारला दस्तरखानावरून काही न खाता उठला होता. पहिला रोजा १४ एप्रिलला होता. म्हणजे २५ एप्रिल. डॉक्टरांनी कागदावर तारीख लिहिली आणि तिच्याभोवती गोल केला.

आम्ही नवरा-बायको दोघंही सिन्नरला शिक्षक. एक उर्दू शिकवतं, एक मराठी. आदल्या वर्षी सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा गळ्यात ओळखपत्र, हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन आम्ही गल्लोगल्ली फिरलो होतो. उंबऱ्यात बसून बिड्या वळणाऱ्या बाया आमच्यापुढे बोट करायच्या आणि आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणायच्या, "आमच्यात कुणाला काही नाही, सर." खोकला आत ऐकू यायचा. त्यांचं भय आम्हाला कळत होतं. घरात करोना निघाला तर कारखान्यातून पानं-तंबाखू मिळणार नाही, मिळाली नाही तर हजारामागची मजुरी बुडणार. तरी आम्ही त्यांना समजावत असू, की लपवू नका, लपवल्याने आजार वाढतो. चांगलं तास घेतल्यासारखं समजावत असू.

मग एप्रिल आला आणि आमच्यापैकी एकाला अत्तराचा वास येईनासा झाला.

अंग दुखत होतं, दोन दिवस कणकण होती. टेस्ट केली नाही. केली नाही म्हणजे टाळली. शाळेत पाठदुखीचं कारण सांगून रजा टाकली, माडीवरच्या खोलीत वेगळी चटई टाकली, शेजाऱ्यांना सांगितलं की रोज्यांमुळे थकवा आहे. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून एका दिवसात २२ माणसं गेली. ती बातमी ऐकल्यावर तर रुग्णालयाचं नावही घरात काढायचं नाही असं ठरून गेलं. दुसरंही एक कारण होतं. आदल्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये करोनाचं नाव निघालं की लोक आमच्या मोहल्ल्याकडे ज्या नजरेने बघायचे, ती नजर आम्ही विसरलो नव्हतो. पुन्हा ती आपल्या घरावर नको, एवढंच मनात. चौथ्या-पाचव्या दिवशी मुन्नाला तो दीड दिवसाचा ताप आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि काही बोललो नाही.

१४ मेला ईद झाली. नमाज घरीच. शिरखुर्मा पाच घरांऐवजी एका घरी गेला. सगळे ठणठणीत होते.

२४ मे, सोमवार. मुन्नाला सकाळीच १०२ ताप. पोट धरून रडत होता, दोन उलट्या झाल्या. घराजवळच्या दवाखान्यात नेलं. त्या दिवसांत दवाखान्याच्या दारात टेबल आडवं लावलेलं असायचं आणि कंपाउंडर वहीत लिहून घ्यायचा. त्याने विचारलं, "महिन्याभरात घरात कुणाला करोना? ताप, वास जाणं, असं काही?"

आम्ही म्हणालो, "नाही."

दोघंही. एकदम. हो म्हणणाऱ्यांना आधी टेस्ट करून यायला सांगत होते आणि मागे रांगेत ओळखीचे चारजण उभे होते. शिवाय ते होऊन महिना उलटला होता, त्याचा या पोटदुखीशी काय संबंध, असं आम्ही मनाला सांगितलं. आतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, वहीतलं 'नाही' वाचलं आणि पोटातल्या जंतुसंसर्गाची औषधं दिली. त्यांच्यासमोर जे ठेवलं होतं त्यावरून त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं.

मंगळवारी ताप १०३. औषध दिलं की एक अंश उतरायचा, पुन्हा चढायचा. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या रात्रभर. बुधवारी डोळे लाल झाले. डोळे आले म्हणावं तर चिपडं नव्हती, पाणी नव्हतं, नुसता पांढरा भाग लाल. ओठ सुकून फाटले, जीभ लालभडक. पाठीवर आणि मांड्यांवर पुरळ उठलं. अम्मी म्हणाल्या गोवर असेल, आणि दाराला कडुलिंब लावला. आमच्या लक्षात दुसरंच काही आलं. कपाळ भाजत होतं आणि पावलं गार होती. तो झोपलेला असताना शर्टावरून छाती उडताना दिसत होती. सर्वेक्षणातलं ऑक्सिमीटर कपाटात पडलं होतं. ऑक्सिजन ९७, ठीक. पण खालचा आकडा १६२. पाच वर्षांच्या झोपलेल्या मुलाचे ठोके साधारण शंभराच्या आसपास, त्याहून थोडे कमीच असायला हवेत. तापात वाढतात, हे खरं. पण त्या वेळी ताप उतरलेला होता.

गुरुवारी सकाळी गावातल्याच एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पावलाचा अंगठा दाबला, सोडला आणि घड्याळाकडे बघत राहिले. दाबलेली जागा पांढरी पडते, ती दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ती होत नव्हती. मग त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढून सरळ आमच्याकडे पाहिलं. "तीन-चार आठवड्यांपूर्वी घरात करोना झाला होता का? खरं सांगा. मी कुणाला कळवायला विचारत नाही, मला औषध ठरवायचंय."

या वेळी सांगितलं. वास गेल्याचं, माडीवरच्या चटईचं, मुन्नाच्या दीड दिवसाच्या तापाचं. ते रागावले नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि नाशिकला फोन करून खाट आहे का विचारलं. सिन्नर ते नाशिक तीस किलोमीटरही नाही. मोहदरीचा घाट उतरताना मुन्ना मांडीवर निपचित पडला होता आणि आम्ही दोघं त्याचे पाय चोळत होतो.

त्या आजाराचं नाव एमआयएस-सी. मुलांना करोना होऊन गेल्यावर, साधारण दोन ते सहा आठवड्यांनी, शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि आपल्याच अवयवांना सूज आणते. पोट, त्वचा, डोळे, रक्तवाहिन्या, आणि सगळ्यांत धोक्याचं म्हणजे हृदय. आधीचा करोना जोरदारच असायला हवा असं नाही. बहुतेक मुलांना तो सौम्य झालेला असतो, काहींना तर झालेला कळतही नाही. विषाणू त्या वेळी शरीरात नसतो म्हटलं तरी चालेल. लढाई संपलेली असते आणि फौज घरी जायला तयार नसते. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी याबद्दल पहिला इशारा दिला, मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या ठरवली. महाराष्ट्रात पहिल्या लाटेनंतर मुलं दिसली होती, दुसऱ्या लाटेनंतर जास्त दिसू लागली. गंमत अशी की त्याच मे महिन्यात वर्तमानपत्रं तिसऱ्या लाटेत मुलांचं काय होईल या चर्चेने भरलेली होती. राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचं कृतिदलही नेमलं होतं. आम्ही त्या बातम्या वाचून पुढच्या लाटेची काळजी करत होतो आणि मागची लाट घरात येऊन बसली होती.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही, म्हणून प्रमाणही सांगतो. अमेरिकेत २०२० साली केलेल्या हिशेबानुसार मुलांमधल्या तीन-चार हजार करोना संसर्गांमागे एकाला हा आजार झाला. ओमायक्रॉननंतर तर तो फारच दुर्मीळ झाला. पण हजारांत एक म्हणजे कुणाच्या तरी घरचा एक असतोच.

डॉक्टर बोलताना वारंवार 'कावासाकीसारखं' म्हणत होते. आम्हाला वाटलं मोटारसायकलचं नाव. नंतर वाचलं. तोमिसाकू कावासाकी हे जपानचे बालरोगतज्ज्ञ. १९६१ साली टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला, ताप, लाल डोळे, फाटलेले ओठ, पुरळ. कुठल्याच ठाऊक आजारात बसेना. त्यांनी त्याची नोंद बंद केली नाही. तशी पन्नास मुलं जमेपर्यंत टिपणं ठेवली आणि १९६७ मध्ये लेख लिहिला. पुढे कळलं की त्या आजारात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगतात. उपचार नसेल तर चारांतल्या एका मुलाच्या. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत योग्य औषध मिळालं तर तेच प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. हा आजार करोनाच्या आधीही होता, आजही आहे, आपल्याकडेही होतो आणि मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. कावासाकी जून २०२० मध्ये वारले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. जगभरचे डॉक्टर नेमके त्याच वेळी त्यांचं नाव पुन्हा घेत होते.

संध्याकाळी टूडी इको झाला. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर मुन्नाचं हृदय हलत होतं. आतल्या रक्तापैकी किती रक्त हृदय एका ठोक्याला पुढे ढकलतं, तो आकडा पंचावन्न टक्क्यांच्या वर हवा. त्याचा चाळीस होता. डावी धमनी वयाच्या आणि अंगाच्या मानाने रुंद झालेली. डॉक्टर म्हणाले, "चौथा दिवस आहे. वेळेत आलात." वेळेत हा शब्द आम्हाला टोचला. पहिल्या दिवशी दारातच खरं बोललो असतो तर?

औषध म्हणजे स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन. हे दुसरं माणसाच्या रक्तातून काढतात, एकेका घाणीसाठी हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून. किलोमागे दोन ग्रॅम. मुन्ना पंधरा किलोचा, म्हणजे तीस ग्रॅम, पाच ग्रॅमच्या सहा बाटल्या. बाटलीमागे पंधरा हजारांच्या घरात. हिशेब आम्ही कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या केला. नव्वद हजार. भाबींनी न विचारता बांगड्या काढून दिल्या, पतसंस्थेचं कर्ज नंतर झालं. रक्तापासून केलेलं औषध म्हटल्यावर घरच्या एका वडीलधाऱ्यांनी फोनवर विचारलं, हे जायज आहे का? प्रश्न मनापासून होता, म्हणून आम्ही चिडलो नाही. मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, जीव वाचवायला दुसरा उपाय नसेल तर विचारण्यात वेळ घालवू नका, सुई लावा, आम्ही दुआ करतो. सुई तोवर लागलेलीच होती.

त्या बाटल्या फार हळू चढवतात. रात्रभर थेंब थेंब. एकजण खाटेजवळ, एकजण बाहेर पायरीवर. दोघांपैकी कुणीही फज्रच्या आधी झोपलं नाही. शुक्रवारी दुपारी ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. संध्याकाळी मुन्नाने बिस्कीट मागितलं आणि मिळाल्यावर म्हणाला, "ये वाला नहीं, क्रीम वाला." क्रीमवालं बिस्कीट आणायला आम्ही दोघंही उठलो.

आठव्या दिवशी घरी आलो. खरी कसोटी पुढे होती. लहान मात्रेतली ॲस्पिरिन सुरू होती, रक्त गोठू नये म्हणून. डॉक्टरांनी बजावलं होतं की ॲस्पिरिन चालू असताना कांजिण्या किंवा फ्लू झाला किंवा तशा मुलाशी संबंध आला तर लगेच कळवा, कारण त्या जोडीने यकृताला आणि मेंदूला धोका होतो. आणि नेमक्या तिसऱ्या आठवड्यात चुलतभावाला कांजिण्या. या वेळी आम्ही पहिल्या तासात फोन केला. गोवर-गालगुंड आणि कांजिण्यांच्या लसी त्या रक्ताच्या औषधानंतर अकरा महिने द्यायच्या नसतात, हेही तेव्हाच कळलं. औषधातल्या परक्या प्रतिकारशक्तीमुळे त्या लसी लागू पडत नाहीत. फाईलमध्ये ही गोष्ट लाल शाईने लिहून ठेवली आहे. प्रत्येक आईबापाने लिहून ठेवावी, कारण लसीच्या दिवशी समोरची नर्स वेगळी असते.

दोन आठवड्यांनी इको. हृदयाचा आकडा बावन्न. दोन महिन्यांनी साठ, आणि धमनी जवळजवळ मूळ मापावर. सहा महिन्यांनी सगळं ठीक. बहुतेक मुलांचं असंच भरून येतं. पण इको चुकवायचे नसतात, कारण धमनीची रुंदी वरून दिसत नाही, मूल खेळत असतं आणि आत काय आहे ते कळत नाही.

सहा महिने पळायचं नाही, शर्यत नाही, फुटबॉल नाही, असं सांगितलं होतं. हृदयाच्या स्नायूला सूज येऊन गेलेली असली की जोराच्या कसरतीत ठोका बिघडू शकतो. चालणं, अंगणात खेळणं चालेल. अम्मींनी मात्र चालणंही बंद केलं. पाण्याचा ग्लास हातात, शेजारणींसमोर "बेचारे का दिल कमजोर है". एक दिवस पाढे म्हणायला बसवलं तर मुन्ना छातीवर हात ठेवून म्हणाला, "मेरा दिल बीमार है ना, पढाई से दुखता." आम्ही हसलो, नंतर घाबरलो. सहाव्या महिन्याचा रिपोर्ट आल्यावर अम्मींना घेऊनच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अम्मींसमोर मुन्नाला जिना चढून-उतरून यायला लावला. दोनदा. अम्मी पूर्ण वेळ तसबीह फिरवत होत्या. परतताना तो सिन्नरच्या बसस्टँडवर आमच्यापुढे पळत सुटला आणि कुणी हाक मारली नाही.

तेव्हापासून वर्गात आमची नजर बदलली आहे. तापाची रजा काढून आलेलं मूल आठ-पंधरा दिवसांनी खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसलं तर पूर्वी आम्ही आळशी म्हणायचो. करोनाच सोडा, साध्या सर्दी-जुलाबाचे काही विषाणूही क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. मूल फिकट पडतं, बसल्या जागी धापा टाकतं, हात गार पडतात, उलट्या होतात, आणि दम्याच्या किंवा पोटाच्या औषधांत दोन-तीन दिवस जातात. परवा तिसरीतला एक मुलगा तापातून उठून आला आणि पहिल्या मजल्यावर येताना दोनदा थांबला. आम्ही त्याच्या आईला बोलावलं, ती बिड्यांचं सूप बाजूला ठेवून धावत आली, सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. हृदय उत्तम होतं. हिमोग्लोबिन सात होतं. गोळ्या सुरू झाल्या. शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक हेही बघतं, हृदयाचे आजारही बघतं आणि पुढचे उपचार मोफत करून देतं. २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. पथक येईल त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका, एवढं आम्ही पालकसभेत दरवेळी सांगतो.

लपवू नका, हे आता सांगत नाही. आधी आम्ही काय लपवलं ते सांगतो. बाया हातातलं काम थांबवून ऐकतात. मग एखादी हळूच म्हणते, "मॅडम, आमच्या पोरालाही मागल्या महिन्यात..."

त्या पहिल्या डॉक्टरांकडे जायला आम्हाला वर्ष लागलं. फाईल घेऊन गेलो आणि म्हणालो, त्या दिवशी आम्ही खोटं बोललो होतो. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे कागद वाचले. मग जुनी वही मागवली, २४ मेचं पान काढलं आणि त्या 'नाही'च्या पुढे स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. फी त्यांनी घेतली नाही.

गेल्या पावसाळ्यात मुन्नाला पुन्हा ताप आला, साधाच, तीन दिवसांचा. आता तो चौथीत आहे. त्याच दवाखान्यात गेलो. टेबल आता नाही, पण तोच कंपाउंडर होता. त्याने सवयीने विचारलं, "आधी काही आजार?" आम्ही एप्रिल २०२१ पासून सुरुवात केली. मागे रांग वाढत होती, कुणीतरी "लवकर करा" म्हणालं. कंपाउंडरने पेन खाली ठेवलं, मग दुसरा कागद घेतला.